नाडी का धावते आहे?

मेटोप्रोलॉलचं इंजेक्शन दिसायला अगदी साधं असतं. 5 मिलिलिटरची काचेची अँप्युल, आत पाण्यासारखं औषध, सगळं मिळून 5 मिलिग्रॅम. ट्रॉलीच्या कप्प्यात इतर अँप्युलांच्या शेजारी ते पडून असतं आणि हातात घेताना धाक वाटावा असं त्याच्यात काहीच नसतं. सोलापुरातल्या अतिदक्षता विभागांत परिचारिका म्हणून काम करताना या इंजेक्शनची ऑर्डर ज्या घाईत निघते ती घाई ओळखीची होऊन जाते. मॉनिटरवर नाडीचा आकडा 130-140 असतो, अलार्म थांबत नाही, नातेवाईक पडद्याआडून वाकून पाहत असतात आणि हा आकडा खाली आणला पाहिजे असं सगळ्यांनाच वाटू लागतं. आकडा खाली येतोही. मला म्हणायचं आहे ते इथूनच सुरू होतं. वाढलेली नाडी हा बहुतेक वेळा रोग नसतो, शरीराने रोगाला दिलेलं उत्तर असतं. ती का वाढली हे ठरवण्याआधी तिला खाली ओढणारं औषध शिरेत गेलं, तर आपण रोगाला हात न लावता शरीराचा बचाव काढून घेतो. या इंजेक्शनच्या सुरक्षिततेबद्दल जेवढे नियम आहेत, डोस, वेग, मॉनिटर, ते सगळे आवश्यक आहेत. पण ते या एका प्रश्नानंतर येतात, आणि प्रत्यक्षात आधी गळतो तो हाच प्रश्न.

औषधाची ताकद आधी समजून घ्यायला हवी, कारण गोळीच्या ओळखीमुळे इंजेक्शनबद्दल गैरसमज होतो. अर्ध्या सोलापूरकरांच्या घरात बीपीची गोळी असते, तिच्यात अनेकदा मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल असतं, आणि माणसं ती चहाबरोबर घेतात. तेच औषध शिरेतून देताना एवढा बाऊ कशाला, असं नव्या मुलींना वाटणं स्वाभाविक आहे. पण मेटोप्रोलॉलची गोळी पोटातून यकृतात जाते आणि तिचा जवळपास निम्मा भाग रक्तात पोचण्याआधीच तिथे खर्ची पडतो. शिरेतल्या औषधाला हा जकातनाका नाही. म्हणूनच गोळीचे 50 मिलिग्रॅम आणि शिरेतले 20 मिलिग्रॅम साधारण सारखे धरले जातात. शिवाय गोळीचा परिणाम हळूहळू चढतो, तर इंजेक्शनचा मिनिटांत सुरू होऊन पूर्ण जोर यायला वीसेक मिनिटं घेतो. या वीस मिनिटांकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. पहिली अँप्युल गेली, पाच मिनिटांत नाडी फारशी उतरली नाही, म्हणून दुसरी, मग तिसरी, आणि तिन्हींचा जोर एकत्र येतो तेव्हा सिस्टर दुसऱ्या खाटेवर असते. सर जेम्स ब्लॅक यांना ज्या शोधांसाठी 1988 चं नोबेल मिळालं त्यात मेटोप्रोलॉल ज्या गटातलं आहे त्या बीटा-ब्लॉकर औषधांचा शोध होता. हृदयावर अ‍ॅड्रिनलिनचा जो चाबूक चालतो तो थांबवायचा ही त्यांची कल्पना. चाबूक अडवला की थकलेल्या हृदयाला आराम मिळतो हे खरं. मात्र एखादं हृदय त्या चाबकावरच कसंबसं उभं असतं, हेही तितकंच खरं आहे. औषधसुरक्षेचं काम करणाऱ्या संस्थांनी शिरेतून द्यायच्या बीटा-ब्लॉकरना विशेष खबरदारीच्या औषधांच्या यादीत इन्शुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम यांच्या पंगतीत बसवलं आहे ते याचमुळे.

हृदयविकाराच्या झटक्याबाबत हा वाद मोठ्या प्रमाणावर तपासला गेला आहे आणि त्याचा निकाल विचार करायला लावणारा आहे. 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसिस-1 या चाचणीत 16,027 रुग्ण होते. ज्यांना अ‍ॅटेनोलॉल आधी शिरेतून आणि मग गोळीने दिलं, त्यांच्यात पहिल्या आठवड्यातले हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने झालेले मृत्यू 3.89 टक्के होते आणि न दिलेल्यांत 4.57 टक्के. फायदा छोटा, पण खरा. त्या काळात रक्ताची गाठ विरघळवणारी इंजेक्शनं सर्रास मिळत नव्हती, त्यामुळे जे मिळेल ते घट्ट धरलं गेलं आणि अटॅक आला की शिरेतून बीटा-ब्लॉकर ही सवय अनेक वर्षं टिकली. मग 2005 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये कॉमिट चाचणी आली. चीनमधली 1,250 रुग्णालयं, 45,852 रुग्ण. (सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये ज्या देशातल्या जखमींसाठी गेले आणि 1942 मध्ये तिथेच वारले, त्याच देशातल्या रुग्णांवरून आज आपल्या खाटेवरचे निर्णय ठरतात, हे मला नेहमी विलक्षण वाटतं.) या चाचणीत मेटोप्रोलॉलचे 5 मिलिग्रॅमचे तीन डोस शिरेतून आणि नंतर रोज 200 मिलिग्रॅम गोळीने दिले. मृत्यू दोन्ही गटांत जवळजवळ सारखे निघाले, 7.7 आणि 7.8 टक्के. आतला हिशेब मात्र वेगळा होता. हजारी पाच जणांना पुन्हा झटका यायचा टळला, पाच जणांचं हृदय फडफडून थांबायचं टळलं, पण अकरा जण जास्तीचे हृदयाच्या शॉकमध्ये गेले, आणि तेही मुख्यतः पहिल्याच दिवसात. कोण गेले? सत्तरीपुढचे, वरचं प्रेशर 120 च्या खाली असलेले, नाडी 110 च्या वर असलेले, फुप्फुसात पाणी भरू लागलेले. ही यादी नीट पाहावी. ज्यांची नाडी फार वाढली होती तेच धोक्यात होते, म्हणजे ज्यांना पाहून औषध द्यायचा मोह सर्वांत जास्त होतो तेच. नंतरच्या मार्गदर्शक सूचनांनी सरसकट इंजेक्शन बंद केलं. प्रेशर चढलेलं असेल किंवा छातीतलं दुखणं थांबतच नसेल आणि वरच्यापैकी काही नसेल, तरच शिरेतून, एरवी पहिल्या चोवीस तासांत गोळी.

यावर अनुभवी माणसांकडून हमखास येणारं उत्तर असं, की आम्ही इतकी वर्षं देत आलो, कुणाला काही झालेलं पाहिलं नाही. हे उत्तर प्रामाणिक असतं, म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवं. कॉमिटमध्ये औषध न दिलेल्यांपैकीही 3.9 टक्के शॉकमध्ये गेलेच, औषध दिलेल्यांपैकी 5 टक्के गेले. म्हणजे हजारात 39 जण तसेही जाणार होते आणि 50 गेले. आता एका विभागात काम करणाऱ्या सिस्टरच्या किंवा डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर त्या पन्नासांतला एकेक रुग्ण येतो. तो 39 पैकी की 11 पैकी, हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. केसपेपरवर 'मोठा अटॅक, कार्डिओजेनिक शॉक' एवढंच लिहिलं जातं आणि ते चुकीचंही नसतं. काही इंजेक्शनांची रिअ‍ॅक्शन अंगावर पुरळ होऊन दिसते. या इंजेक्शनचा अपाय रोगाचाच चेहरा घेऊन येतो, दोन-चार तासांनी येतो, आणि तोवर ड्यूटी बदललेली असते. अशा अपायाबाबत 'मी पाहिलं नाही' या वाक्याला पुरावा म्हणून फार किंमत देता येत नाही. पंचेचाळीस हजार माणसं मोजली तेव्हा कुठे तो दिसला.

हे झालं झटक्याचं. आपल्या भागाला त्याहून जवळचा आणि आपल्याच राज्यात घडलेला एक पुरावा आहे, विंचूदंशाचा. लाल विंचू फक्त कोकणात असतो असं नाही. सांगोला-मंगळवेढ्याकडच्या माळावर, दगडी बांधांत, जळणाच्या ढिगाऱ्यात हात घालणाऱ्यांना तो चावतो, आणि मूल किंवा तरणा माणूस घामाने भिजलेला, उलट्या करत, हातपाय गार पडलेल्या अवस्थेत आणला जातो. नाडी दीडशेच्या घरात, प्रेशर चढलेलं. ज्याला विंचवाचं ठाऊक नाही त्याला हे चित्र बीटा-ब्लॉकर देण्यासाठीच जुळवून आणल्यासारखं वाटेल. इथे डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम आठवावं लागतं. रायगड जिल्ह्यातल्या महाडला काम करताना त्यांनी या रुग्णांचं तासातासाने निरीक्षण केलं आणि 1980 च्या दशकात प्राझोसिन हे प्रेशरचं साधं, स्वस्त औषध वापरायला सुरुवात केली. विषामुळे शरीरात अ‍ॅड्रिनलिन-नॉरअ‍ॅड्रिनलिनचा पूर येतो. त्याने रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि आवळलेल्या नळ्यांविरुद्ध हृदयाला जोर लावावा लागतो. शेवटी ते दमतं, फुप्फुसात पाणी भरतं आणि तोंडाला गुलाबी फेस येतो. प्राझोसिन नळ्या सैल करतं, म्हणून माणूस वाचतो. बीटा-ब्लॉकर याच्या अगदी उलटं करतं. आवळलेल्या नळ्या तशाच ठेवून ते नेमका हृदयाचा जोर काढून घेतं. नाडी मात्र दोन्ही औषधांनी उतरू शकते! मॉनिटरच्या आकड्यात यश आणि अपयश सारखंच दिसू शकतं, हे विंचूदंशाइतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसतं. बावस्करांच्या पद्धतीने असे मृत्यू मोठ्या प्रमाणात कमी झाले, आणि त्यासाठी लागली ती रुग्णाजवळ बसून केलेली निरीक्षणं आणि नाडीआधी कारणाला हात घालण्याची शिस्त.

विंचू नसला तरी कारणं कमी नाहीत, आणि सोलापूरचं हवामानच त्यांतलं एक आहे. एप्रिल-मे महिन्यात पारा 42-43 वर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये, रस्त्याच्या कामावर, ऊसतोडीच्या परतीच्या वाटेवर माणसं कोरडी पडतात. आषाढीला पंढरपूरला पोचेपर्यंत वारीतले वयस्कर लोक जुलाब-उलट्यांनी थकलेले असतात. अंगातलं पाणी आटलं की एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त कमी होतं, मग हृदय ठोके वाढवून प्रेशर सांभाळतं. त्याला सलाईन हवं असतं. डेंग्यूत रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपतं तेव्हाही हेच होतं. बाळंतपणानंतर रक्तस्राव चालू असलेल्या बाईची नाडी प्रेशरच्या आधी चढते आणि तोच पहिला इशारा असतो. तो इशारा औषधाने पुसला, तर पुढची बातमी थेट कोसळलेल्या प्रेशरची येते. मधुमेहाच्या रुग्णाची साखर उतरली की छाती धडधडते. बीटा-ब्लॉकरखाली ती धडधड दबते, घाम तेवढा राहतो, आणि मे महिन्यात घामाकडे कोण पाहतं? एक कारण तर आपणच तयार केलेलं असतं. दम लागलेल्या रुग्णाला सालब्युटामॉलची वाफ लागोपाठ दिली की नाडी वाढणारच. तो आकडा पाहून दुसऱ्या पाळीतल्या कुणी मेटोप्रोलॉल सांगितलं, तर एका औषधाने उघडलेल्या श्वासनळ्या दुसऱ्या औषधाने आवळायला आपणच निघतो.

श्वासनळ्यांचा मुद्दा या शहरात विशेष महत्त्वाचा आहे. सोलापूर उभं राहिलं ते सूत आणि तंबाखूवर. चादरी-टॉवेलांच्या यंत्रमागांवर कापसाचा भुरा नाकातोंडात जातो, आणि पूर्व भागातल्या घराघरांत, कुंभारीच्या गोदूताई परुळेकर विडी घरकुलातल्या दहा हजार घरांत बायका तंबाखूच्या धुळीत बसून विड्या वळतात. यांतल्या कित्येकींच्या फाइलीत दमा हा शब्द कधीच लिहिलेला नसतो, कारण कधी निदानच झालेलं नसतं. 'दमा आहे का?' या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर येतं, आणि तेही अनेकदा तेलुगूत किंवा कानडीत, बरोबर आलेल्या पोराने मराठीत सांगितलेलं. म्हणून विचारायचं ते वेगळ्या तऱ्हेने. पंप ओढता का, थंडीत रात्री उठून बसावं लागतं का, जिना चढताना छातीत शिट्टी वाजते का. आणि उत्तर काहीही आलं तरी पाठीला स्टेथोस्कोप लावायचाच. मेटोप्रोलॉल आणि त्याच गटातलं एस्मोलॉल प्रामुख्याने हृदयावर काम करतात, फुप्फुसांना फारसं छेडत नाहीत, असं सांगितलं जातं आणि ते कमी डोसला खरं आहे. डोस वाढला की ही निवड पुसट होते. लॅबेटॅलॉल या बीटा-ब्लॉकरमध्ये तर ती मुळातच नाही. गरोदर बाईचं प्रेशर 160/110 च्या वर गेलं की हेच लॅबेटॅलॉल आधी 20, मग 40, मग 80 मिलिग्रॅम असं दहा-दहा मिनिटांनी शिरेतून दिलं जातं, आणि ती गरोदर बाई विडी वळणारी असू शकते. तिला उशीर परवडत नाही, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, हे पूर्ण मान्य. पण छाती तपासायला अर्धं मिनिट लागतं, आणि घरघर ऐकू आली तर पर्याय हाताशी आहे. नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डागा स्मृती स्त्री रुग्णालय इथे 894 गरोदर स्त्रियांवर झालेली चाचणी 2019 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. तिच्यात तीन औषधं तोंडाने दिली होती. सहा तासांत, अपाय न होता प्रेशर आटोक्यात आलं ते निफेडिपिनने 84 टक्के, लॅबेटॅलॉलने 77 आणि मिथिलडोपाने 76 टक्के स्त्रियांत. जिथे मॉनिटर नाही, एकच सिस्टर आहे, तिथे शिरेतल्या औषधाशिवाय आपण हतबल आहोत हा समज या महाराष्ट्रातल्याच पुराव्याने खोडला आहे.

आता रुग्णाबरोबर येणाऱ्या चिठ्ठीबद्दल. सोलापूरच्या रुग्णालयांत येणारा गंभीर रुग्ण बहुतेकदा आधी कुठेतरी थांबून आलेला असतो. बार्शी, अक्कलकोट, तुळजापूर, इंडी, अगदी शंभर किलोमीटरवरचं विजयपूर. 2014 पासून 108 ची रुग्णवाहिका आहे, तरी भाड्याच्या जीपमधून येणारेही आहेतच. भारतातल्या 20,468 रुग्णांची क्रिएट नोंदणी 2008 मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात मोठ्या झटक्याच्या रुग्णाला लक्षणं सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचायला लागलेला मध्यक वेळ 300 मिनिटं होता. या पाच तासांत त्याला काय-काय टोचलं गेलं, हे बरोबरच्या चिठ्ठीवर असायला हवं, आणि चिठ्ठीवर असतं 'इंजेक्शन दिले, पुढील उपचारासाठी पाठवत आहे'. नाडी 180 ची असेल तर गावातल्या डॉक्टरांनी व्हेरापॅमिल किंवा डिल्टियाझेम दिलेलं असू शकतं, आणि त्यांनी ते दिलं यात चूक नाही. पण ही औषधं आणि बीटा-ब्लॉकर दोन्ही हृदयातल्या त्याच विद्युतमार्गावर बसतात. काही तासांच्या आत एकावर दुसरं शिरेतून गेलं, तर तो मार्ग पूर्ण बंद पडू शकतो. आपल्याकडच्या नोंदी निर्दोष असल्या तरी उपयोग नाही, धोका आपल्याकडे येण्याआधीच्या शिरेत असतो. म्हणून चिठ्ठी अपुरी असेल तर फोन करायचा. जीपच्या ड्रायव्हरलाही विचारायचं, त्याला कधीकधी जास्त ठाऊक असतं. आणि नातेवाइकांच्या पिशवीतली गोळ्यांची पाकिटं खाटेवर मांडायची. ज्याची सकाळची बीपीची गोळी पोटात आहे त्याच्यासाठी 5 मिलिग्रॅम हे नुसते 5 मिलिग्रॅम नसतात.

एवढं विचारून झाल्यावर, द्यायचंच ठरलं, तर पद्धतीचा भाग सोपा आहे आणि तो मी थोडक्यात सांगते. नाडी 60 च्या खाली, वरचं प्रेशर 100 च्या खाली, ईसीजीत पीआर 0.24 सेकंदांहून लांब किंवा त्याहून मोठा ब्लॉक, फुप्फुसात पाणी, छातीत घरघर, यांतलं एकही असेल तर इंजेक्शन नाही. रुग्ण आडवा, मॉनिटर लावलेला, 5 मिलिग्रॅम घड्याळाकडे पाहत दोन मिनिटांत, मग पाच मिनिटं थांबून नाडी-प्रेशर-छाती पुन्हा पाहून पुढचा निर्णय, एकूण 15 च्या वर नाही. तोंडी ऑर्डर मात्र वेगळी काळजी मागते. 'मेटो द्या' असं कुणी धावत सांगून गेलं तर ते मेटोप्रोलॉल की उलटीचं मेटोक्लोप्रमाइड? दोन्ही अँप्युल, दोन्ही एकाच कप्प्यात अक्षरानुसार लावलेल्या. पूर्ण नाव आणि मिलिग्रॅम उलट उच्चारून खात्री करून घेतल्याशिवाय अँप्युल फोडू नये. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या निकषांत सारख्या दिसणाऱ्या-ऐकू येणाऱ्या औषधांना वेगळी जागा मागितली आहे, ती तपासणीच्या आठवड्यापुरती करून नंतर पुन्हा एकत्र होऊ देणं हा निव्वळ आळस आहे.

एस्मोलॉल वापरलं की हा सगळा व्याप टळतो, असा एक आक्षेप जाणकारांकडून येतो. रक्तातल्या तांबड्या पेशींतलं एन्झाइम ते फोडतं, दर नऊ मिनिटांनी ते निम्मं होतं, बिघडलं तर बंद करा. औषध म्हणून ते खरोखर उत्तम आहे आणि शंका असेल तिथे मीही तेच बरं म्हणेन. पण त्याचा डोस वजनावर असतो, आणि स्ट्रेचरवरून आलेल्या रुग्णाचं वजन क्वचितच घेतलं जातं. 50 किलोच्या माणसाला मिनिटाला किलोमागे 50 मायक्रोग्रॅम द्यायचे तर तासाला 150 मिलिग्रॅम, म्हणजे 10 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या औषधाचे 15 मिलिलिटर होतात. 10 मिलिलिटरची एक वायल चाळीस मिनिटांत संपते. पंपावर 15 च्या जागी 150 पडायला एक शून्य पुरतं. अमेरिकेत पूर्वी याच औषधाची सलाईनमध्ये मिसळण्यासाठीची 2,500 मिलिग्रॅमची अँप्युल होती. ती 100 मिलिग्रॅमच्या वायलऐवजी सरळ शिरेत गेली आणि माणसं दगावली, शेवटी ती बाजारातूनच काढावी लागली. हे औषध लवकर उतरतं हे खरं, पण पंचवीसपट डोस शिरेत गेला तर उतरण्याची वाट पाहायला ते हृदय चालू असायला हवं.

सर्वांत गंभीर आक्षेप मनुष्यबळाचा आहे. एका सिस्टरकडे अनेक खाटा, रात्री एकच निवासी डॉक्टर, आणि तुम्ही दोन मिनिटं शेजारी उभं राहायला सांगता. हा आक्षेप खोटा नाही, पण तो ज्या दिशेला बोट दाखवतो ती दिशा उलटी आहे. जिथे दोन मिनिटं उभं राहता येत नाही तिथे हे इंजेक्शन घाईने देणं हा उपाय होऊ शकत नाही. ते न देणं, गोळी देणं किंवा रुग्ण पुढे पाठवणं, हे उपाय आहेत. महाधमनी चिरली आहे, थायरॉइडचं वादळ उठलं आहे, अशा ठिकाणी शिरेतलं बीटा-ब्लॉकर माणसाला वाचवतं आणि तिथे मी क्षणभरही अडवणार नाही. ते रुग्ण मुळातच पूर्ण तयारीच्या विभागात असायला हवेत. तयारी म्हणजे अ‍ॅट्रोपिन, कॅल्शियम, बाहेरून पेसिंग करता येणारं यंत्र. बीटा-ब्लॉकरच्या विषबाधेवर ग्लुकागॉन चालतं असं पुस्तकात असतं, पण त्याची एक वायल 1 मिलिग्रॅमची, लागतात 3 ते 10 मिलिग्रॅम, आणि मध्यरात्री सोलापुरात एवढ्या वायली जमवणं किती शक्य आहे ते फार्मसीच्या खिडकीत उभं राहिलेल्या कुणालाही विचारावं. उतारा हाताशी नाही हे धरूनच पहिला डोस ठरवायला हवा.

आणि सिस्टरने डॉक्टरांची ऑर्डर अडवायची का, हा प्रश्न राहतो. अडवाअडवीची वेळच येऊ नये अशी सोय ऑर्डर लिहितानाच करता येते. ऑर्डरच्या खाली मर्यादा लिहायच्या: नाडी इतक्याच्या खाली, प्रेशर इतक्याच्या खाली, घरघर असल्यास देऊ नये, कळवावे. वरती एक ओळ, नाडी वाढण्याचं कारण काय वाटतं. ती ओळ रिकामी असेल तर ऑर्डर अपुरी समजायची. औषधाच्या तक्त्यावर दिलेल्या डोससाठी वेळ आणि सहीचा रकाना असतो, रोखलेल्या डोससाठी बहुतेक तक्त्यांत गोल करायला जेमतेम जागा असते. तिथे त्या वेळची नाडी, प्रेशर आणि रोखण्याचं कारण लिहिण्याएवढा रकाना छापून घ्यायचा. अपाय झालाच तर औषधदक्षता कार्यक्रमाचा 1800-180-3024 हा क्रमांक आहे, तिथे परिचारिकाही कळवू शकते. पण रोखलेल्या डोसची नोंद त्याआधीची आहे, आणि तक्ता पुढच्या वेळी छापायला जाईल तेव्हा हा रकाना त्यात घालायला वेगळा खर्च येत नाही.